३८ किलोंचा गार्ड आणि अठरा-एकोणीसचा पाना

रविवारी सकाळी बंड्यानं कुर्ला पश्चिमेहून टेम्पोत घालून गार्ड आणला आणि नेहरूनगरच्या आमच्या कट्ट्याला टेकवून उभा केला. त्याच्या मारुती जिप्सीच्या तोंडाला लावायचा पुशबार. भंगारवाल्यानं किलोवर दिला होता. ३८ किलो, ९० रुपये किलो. वडापाव अजून यायचे होते, म्हणजे भांडायला वेळ होता.

"रोड प्रेझेन्स!" पप्या म्हणाला. हा शब्द पप्या दिवसातून तीनदा वापरतो, त्यातला दोनदा बायकोच्या स्कूटीवर बसून.

नाना गप्प. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं फिटर होते, आधी बघतात मग बोलतात. कट्ट्यावर ही पद्धत बाकी कुणाची नाही.

"अमेरिकेत पोलिसांच्या गाडीला अस्साच असतो," पप्यानं मोबाइल पुढे केला. "दोन उभ्या पट्ट्या, त्याला रबर. बंद पडलेल्या गाडीला टेकवायचा आणि ढकलत कडेला न्यायची."

"आपल्याकडे गाडी बंद पडली की चार माणसं फुकट धक्का द्यायला येतात," नाना म्हणाले. "पाचवा नुसता सल्ला देतो. तो तू."

बंड्या चिडला. "नाना, कर्जतला काय झालं ते विसरलात?"

ते कोण विसरणार? मागच्या पावसाळ्यात जिप्सी चिखलात रुतली, ट्रॅक्टर बोलावला, आणि पप्यानं दोरी बांधली थेट बंपरला. ट्रॅक्टर निघाला, बंपरही निघाला, जिप्सी जागच्या जागी. ट्रॅक्टरवाला बंपर फरफटत पार बांधापर्यंत गेला, मागे बघेचना.

"मी ओरडून सांगत होतो, हुकला बांध, हुकला!"

"मला वाटलं, ट्रॅक्टरवाल्याचा नेम हुकला."

"म्हणून आता गार्ड," बंड्या म्हणाला. "बांध म्हणावं किती दोऱ्या बांधतोस ते."

"त्यालाही नाही बांधायची," नाना म्हणाले. "ओढायचं ते चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, हुकनं. गार्डाचा बोल्ट ताणाखाली तुटला ना, तर लोखंड गोफणीसारखं येतं. पप्या समोर असला तर ठीक आहे, पण ट्रॅक्टरवाल्याचा काय दोष?"

मग ते उठले. खिशातून महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा, फ्रिजला लावतात तो मॅग्नेट काढला. (घरून येतानाच खिशात घातला होता. बंड्या काय आणणार हे त्यांना शनिवारीच कळलं असणार.) पाइपवरून स्ट्रॉबेरी फिरवत गेले. चिकटतेय, चिकटतेय, आणि डाव्या खालच्या वळणावर टपकन खाली पडली.

"लांबी," नाना म्हणाले. पत्र्याचे खड्डे बुजवायला पेंटर भरतात ती. किल्लीनं ठोकलं तर बाकी पाइप टणटण वाजत होता, तिथं मात्र भद्द आवाज. "ह्या गार्डानं आधीच कुणालातरी धरलंय. वेल्डिंगच्या कडा घासून बघ, केसासारखी चीर असली तर ९० रुपये किलोसुद्धा महाग."

बंड्याचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. तोवर वडापाव आले.

"आणि ही गार्ड बसवायची प्लेट कुठल्या गाडीची?" नाना थांबायच्या मूडमध्ये नव्हते. "चेसिसच्या दोन टोकांवरच्या भोकांचं अंतर घेतलंस?"

"पट्टी मारू, वेल्डिंग करू!" पप्या तोंडात वडा ठेवून.

"चेसिसला? वेल्डच्या कडेला लोखंड ठिसूळ होतं, चीर तिथूनच जाते. आणि बॅटरीच्या केबली न काढता वेल्डिंग केलंत तर अल्टरनेटरचे डायोड ढगात. जाड पट्टीचा ब्रॅकेट बनव, बारा एमएमचे आठ पॉइंट आठ ग्रेडचे बोल्ट, नायलॉक नट. भोकं ब्रॅकेटला पाडायची, चेसिसला नाही. म्हणजे जंगलातून आलास की काढून ठेवता येईल."

"काढायचा कशाला?"

इथं वकील बोलला. वकील म्हणजे कोर्टात टायपिंग करतो, पण कलमं पाठ आहेत. "डिसेंबर २०१७ला दिल्लीहून सगळ्या राज्यांना पत्र गेलंय, बुलबार, म्हणजे असले गार्ड, लावणाऱ्यांवर कारवाई करा म्हणून. मोटार वाहन कायदा, कलम ५२. आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर १८२अ. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० दंड, प्रत्येक बदलाला वेगळा." मग बोटं मोडत जिप्सीभोवती फिरला. "गार्ड एक, ती एलईडी पट्टी दोन, हा रुंद टायर तीन..."

"बस कर रे!"

"२००८ची गाडी, २०२३ला पाच वर्षांचं रजिस्ट्रेशन वाढवलंस. २०२८ला परत वडाळ्याच्या आरटीओत न्यायचीय ना?"

"पण सेफ्टी..." पप्या.

"कुणाची?" नाना आता खरंच तापले होते. "धडक बसली की पुढचा पत्रा चेपतो, जोर तिथं जिरतो. हा चेपत नाही, जोर सरळ चेसिसमध्ये. मग चेपणार कोण? बंड्या. ज्यांच्या गाडीत एअरबॅग आहे त्यांचं गणितही त्या चेपण्यावर बसवलेलं असतं. आणि ह्या गल्लीत पोरं खेळतात. साधा बंपर त्यांच्या पायाला लागेल. हे लोखंड कुठं लागेल, उभं राहून माप घे."

कुणी काही बोललं नाही. बंड्याचा मुलगा तिथंच स्टंप रोवत होता.

"शिवाय तुझी जिप्सी सगळी मिळून हजारेक किलोची," नाना जरा खाली आले. "तिच्या नाकावर ३८ किलो म्हणजे पुढचे स्प्रिंगचे पाटे बसणार, हेडलाइट डांबर मोजत जाणार. जंगलापुरता लाव. लांबी खरवडून बघू, चीर नसली तर मीच बसवून देतो. अठरा-एकोणीसचा रिंग पाना आण."

"पाना तुमच्याकडेच होता ना?"

"होता. २०१४ला पप्यानं नेला."

"मी बंड्याला दिला!"

"मला? गणपतीत मंडपवाल्यानं नेला तो!"

बारा वर्षांचं सगळं बाहेर आलं. नानांचा जॅक, वकिलाची छत्री, मी पप्याला दिलेले आणि न आलेले ७०० रुपये. शेवटी नाना स्वतः जिप्सीत चढले, ड्रायव्हर सीट पुढे-मागे करायला लागले. सीट हलेना. खाली हात घातला आणि बाहेर काढला तो अठरा-एकोणीसचा पाना. सीटचा खटका मोडला म्हणून बंड्यानं तो पाचर म्हणून ठोकला होता.

पाना निघाला तशी सीट नानांना घेऊन सुर्रकन मागे गेली. फक्त चपला दिसत होत्या. पप्या हसून हसून कट्ट्यावरून पडला, त्याचा वडापाव कुत्र्यानं नेला.

गार्ड अजून तिथंच टेकलेला आहे. तळमजल्यावरच्या मावशी त्यावर गोधड्या वाळत घालतात. वाऱ्यानं पडत नाही म्हणतात, चांगला जड आहे.