बिनव्याजी मुदत चुकवण्याची सोपी रीत

सर्वात आधी एक पथ्य पाळा: क्रेडिट कार्डाच्या बिलाचा ईमेल उघडायचा नाही. त्याला पासवर्ड असतो. तो नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख, की कार्डाचे शेवटचे चार आकडे, हे आठवेपर्यंत चहा निवतो. शिवाय मेसेज येतोच की. त्यात दोन रकमा असतात, एक पूर्ण बिलाची आणि एक किमान भरायची. मोठी बघितली की छातीत धस्स होतं, म्हणून आपली छोटीच बघावी.

आता मुदतीचं. ‘पन्नास दिवस बिनव्याजी’ असं कार्ड विकणारा म्हणाला होता, ते खरंच आहे. बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी खरेदी केली तर जवळपास पन्नास दिवस मिळतात. बिल निघण्याच्या आदल्या दिवशी केली तर वीस-एकवीस. काही चिकट माणसं ही तारीख बघून नाशिकच्या एम.जी. रोडवर मोबाइल घ्यायला जातात. तुम्ही त्यांच्या नादी लागू नका. पन्नास दिवस मनाला येईल तिथून मोजा: मोबाइल हातात आल्यापासून, घरी कळल्यापासून, कसेही. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो तरी आपण त्याची चर्चा चार वर्षं आधी सुरू करतो. बिलाची तारीख दर महिन्याला येते, तिचं एवढं काय?

ऑटो-डेबिट लावायचंच असेल तर जरूर लावा. तिथे पूर्ण रक्कम भरायची की किमान, असं विचारतात. किमानवर टिचकी मारा आणि ‘आपलं सगळं ऑटोवर आहे’ असं चार लोकांत सांगा. बँक त्या किमान रकमेशेजारीच इशारा छापते, की एवढंच भरत राहिलात तर फेड महिनोन्‌महिने, कदाचित वर्षानुवर्षं चालेल. छापणं तिला बंधनकारक आहे, वाचणं तुम्हाला नाही.

हिशोबाची आवड असणाऱ्यांसाठी थोडं थांबतो. समजा बिल ४०,००० रुपयांचं आहे. किमान रक्कम साधारण ५ टक्के, म्हणजे २,००० भरलेत. उरले ३८,०००. अनेक कार्डांवर महिन्याला पावणेचार टक्के व्याज असतं, म्हणजे वर्षाला ४५. एका महिन्याचं व्याज १,४२५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी सुमारे २५६. पुढच्या महिन्यात पुन्हा २,००० भरलेत, तर त्यातून मुद्दल कमी होणार तीनशे-सव्वातीनशे रुपयांनी. आणि हे मी व्याज उशिरा सुरू झालं असं धरून सांगतोय. खरं तर ते खरेदीच्या तारखेपासून लागतं, मुदत संपल्यापासून नव्हे. मुदतीत पूर्ण बिल भरलं नाही की ते फुकटचे दिवस मागे जाऊनही पुसले जातात. एवढी चोख वसुली घरपट्टीचीही होत नसेल.

पण खरी मजा पुढे आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. मागची बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. रविवारी सकाळी मखमलाबाद रोडच्या बाजूला मिसळ खायला गेलात. काळा मसाला, पापड, दही, वर जिलबी. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, म्हणून काउंटरवरचा कोड स्कॅन केलात. झालं, तुमच्या मिसळीवर त्याच दिवसापासून व्याज. रस्सा कितीही वेळा मागा, तो फुकट. फक्त मूळ प्लेट मात्र महिना-दोन महिने पचत राहते. चार मित्रांचं बिल मोठेपणाने तुम्हीच भरलं असेल तर तुमचा विशेष सत्कार व्हायला हवा.

‘नो कॉस्ट ईएमआय’ हा तर सभ्य माणसाचा मार्ग. २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना सुनावलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी काही चीज अस्तित्वातच नसते. आता व्याजाएवढी सूट दुकानाकडून मिळते, बँक आपलं व्याज घेते, त्या व्याजावरचा जीएसटी तुम्ही देता आणि बहुतेक वेळा प्रोसेसिंग फीही. कॉस्ट नाही म्हणतात ती हीच. फ्रिजच्या दुकानात मात्र हा विषय काढू नये. सेल्समनचा आणि सौभाग्यवतींचा, दोघांचाही मूड जातो.

बिल भरायची शेवटची तारीख उलटली तर लगेच घाबरून भरायला धावू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे तीन दिवसांपर्यंत बँक उशिराचा दंडही लावू शकत नाही आणि ‘थकबाकीदार’ म्हणून पुढे कळवूही शकत नाही. हे तीन दिवस म्हणजे चुकलेल्यांसाठी ठेवलेली मागची खिडकी. व्याजाचा मीटर तेव्हाही चालूच असतो, पण निदान दंड आणि सिबिलच्या पतनोंदीतली बदनामी टळते. तुम्ही चौथ्या दिवशी भरा. मग दंड मूळ तारखेपासून मोजतात, म्हणजे तीन दिवस सवलत होती याचाही मागमूस राहत नाही.

व्याज जास्त वाटलं तर ग्राहक न्यायालयाची भाषा जरूर करा. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. गल्लीतले जाणकार अजून त्याचा दाखला देतात. २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, हे त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. पोचवू नका, उगाच हिरमुसतील.

आणि कधी वैतागून कार्ड बंद करायची हुक्की आली, तर एक नियम ऐकून ठेवा. अर्ज केल्यावर सात कामकाजी दिवसांत बँकेने कार्ड बंद केलं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला तुम्हाला ५०० रुपये द्यावे लागतात, बँकेने, तुम्हाला. उलटी गंगा वाहताना बघायची ही एकमेव जागा. अट एकच, कार्डावर काही बाकी नसावी. तेव्हा तूर्त तुमच्याकडून बँकेला काही धोका नाही.