साहेब, तुमचा हात कुठे होता?

आज सकाळी पेपरात घालून आमच्या आमदारसाहेबांचा कार्यअहवाल आला. बत्तीस पानं, सगळी रंगीत, आर्ट पेपर. बायकोने त्यावर मेथी निवडायला घेतली, पण कागद इतका गुळगुळीत की काड्या घसरून फरशीवर. तिने वैतागून माझ्याकडे टाकला, म्हणून मी वाचला.

पेव्हर ब्लॉकला चार पानं. सभामंडप, हायमास्ट, स्मशानभूमीची शेड. हळदीकुंकू. रुग्णवाहिकेचं लोकार्पण, त्या फोटोत रुग्णवाहिका कमी आणि साहेब जास्त. दोनदा चाळला. विधानसभेत या माणसाने कुठल्या विधेयकाला हो म्हटलं आणि कुठल्याला नाही, याची एक ओळसुद्धा नाही. अहो, आमदार कायदे करायला निवडतो ना आपण? गटारीवर झाकणं टाकायला नगरपालिका आहे. (ती टाकत नाही, तो वेगळा विषय.)

मला एकदम दादा आठवले. दादा म्हणजे माझे वडील. गावाला एकच टर्म ग्रामपंचायत सदस्य होते. सात जणांची पंचायत, सातही जण एकाच पॅनलचे. पॅनलप्रमुखाच्या पाहुण्याला गायरानातली दोन एकर जागा मिळावी म्हणून ना-हरकत देण्याचा ठराव आला. मी तेव्हा आठवीत. आम्ही पोरं खिडकीच्या गजांना लटकून बघत होतो. "विरोधात कोण?" असं सरपंचांनी नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं आणि दादांनी हात वर केला. शर्ट बगलेत उसवलेला होता, तो सगळ्या पंचायतीला दिसला. घरी आल्यावर आई पॅनलबद्दल चकार शब्द बोलली नाही. "उसवलेला शर्ट घालून हात वर करायची काय गरज होती?" एवढंच.

प्रोसिडिंग बुकात ग्रामसेवकाने लिहिलं, बाजूने सहा, विरोधात एक, आणि पुढे दादांचं नाव. ते पान मी नंतर डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणजे सात जणांच्या पंचायतीत कुणाचा हात कुठे होता ते कागदावर आहे. आणि 288 जणांच्या विधानसभेत? "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे", गलका, "प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे", गलका, मंजूर. आवाजी मतदान! त्या गलक्यात आमचे साहेब होय म्हणाले, नाही म्हणाले की मोबाईल बघत होते, देव जाणे. कुणी पोल मागितला तरच मतं मोजायची. आणि मागतो कोण?

खुर्चीचा प्रश्न आला की मात्र मोजता येतं हं! 4 जुलै 2022 आठवतोय ना? शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव. एकेक आमदार उभा राहून आपला आकडा म्हणत होता, शाळेतल्या हजेरीसारखा. 164 विरुद्ध 99. अख्ख्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. एकाच शिवसेनेचे दोन व्हिप, म्हणजे पक्षादेश, एक ठाकरे गटाच्या प्रभूंचा, एक शिंदे गटाच्या गोगावलेंचा, आणि दोघांचंही म्हणणं की दुसऱ्याने मोडला. पुढे दीड वर्षाने, 10 जानेवारी 2024 ला, अध्यक्षांनी निकाल दिला आणि अपात्र कोण ठरलं? कुणीच नाही. आता मला सांगा, ज्या पक्षादेशाच्या नावाने आमदारांना गुरासारखं दावणीला बांधतात, तो आदेश नेमका कुणाचा यावर दीड वर्ष खल चालतो. मग ती दावण कुणासाठी आहे?

बरं, मान्य. व्हिप लागतो. 1967 मध्ये हरियाणात गयालालांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, त्यातून 'आयाराम गयाराम' आलं, म्हणून 1985 ला दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आला. ठीक. पण सरकार पडण्याचा प्रश्न असेल तेवढ्यापुरताच बांधा की! निवडणूक सुधारणांवरच्या दिनेश गोस्वामी समितीने 1990 मध्येच हे सांगितलंय. आज स्थिती अशी आहे की कुठल्याही विधेयकावर पक्षादेश मोडला आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर आमदारकी धोक्यात. आणि दोन तृतीयांश जण मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर काही धोका नाही. गोव्यात बघा. 2022 च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांना मंदिर, चर्च, दर्गा फिरवून पक्ष सोडणार नाही अशा शपथा घ्यायला लावल्या. त्याच सप्टेंबरात अकरापैकी आठ भाजपत. एकटा विवेकाने वेगळं मत देईल तर तो गद्दार, आठ जण मिळून गेले तर विलीनीकरण.

पण आज माझा राग गद्दारांवर नाहीये. त्यांच्यावर लिहून लिहून बोटं झिजली. राग आहे आमच्या साहेबांवर, जे आपल्याच बाजूचे आहेत, ज्यांना मी स्वतः मत दिलंय.

जनसुरक्षा विधेयक. संघटना बेकायदेशीर ठरवायचा अधिकार सरकारला देणारं. तुम्हा सगळ्यांना माहितीये मी कशाबद्दल बोलतोय, आपण मिळूनच हरकती पाठवल्या होत्या. बारा हजारांवर हरकती-सूचना गेल्या संयुक्त समितीकडे. साहेबांचा पक्ष बाहेर विरोधात, साहेब स्वतः आमच्या चौकातल्या निषेध सभेत माईक धरून "हा काळा कायदा हाणून पाडू" म्हणालेले. मी पहिल्या रांगेत होतो, टाळ्या वाजवल्या, व्हिडिओ आहे माझ्याकडे. आणि 10 जुलै 2025 ला विधानसभेत काय झालं? आवाजी मतदानाने मंजूर. ठाम विरोध नोंदवला तो एकट्या विनोद निकोलेंनी. डहाणूचे, माकपचे एकुलते एक आमदार. बाकीचे कुठे होते? दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत सभात्याग झाला म्हणे. अरे, मग आदल्या दिवशी विधानसभेत दातखीळ बसली होती का?

बहुमत त्यांचंच होतं, पोल मागूनही विधेयक मंजूरच झालं असतं, हे मलाही कळतं. दादांच्या हाताने तरी कुठे गायरान वाचलं? पाहुण्याला दोन एकर मिळालीच. पण हात कुठे होता ते तरी कळलं ना!

भाची तिकडे इंग्लंडात रेडिंगला असते. भारतीय पासपोर्टवरही तिला तिथे संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, हे मला तिच्याकडूनच कळलं. मागे व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "मामा, थांब, गंमत दाखवते." 'दे वर्क फॉर यू' नावाची साइट आहे. पिनकोड टाकला की तुमचा खासदार येतो, कुठल्या विषयावर कसं मत दिलं, पक्षाशी फटकून कधी वागला, सगळं. मी अर्धा तास तिच्या खासदाराचं प्रगतीपुस्तक वाचत बसलो, माझा त्याच्याशी काडीचा संबंध नसताना! तिथेही सगळं गोडगोड नाही. जुलै 2024 मध्ये मजूर पक्षाने सात खासदारांना सहा महिन्यांसाठी संसदीय पक्षातून काढलं, दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्या घरांच्या भत्त्यावर पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून. पण खासदारकी राहिली त्यांची. आणि मतदारांना सातही नावं माहीत आहेत.

आपल्याकडे हजेरी मोजतात, प्रश्न किती विचारले ते मोजतात. मत? विचारायचं नाही.

आत्ता वर जाऊन पुन्हा वाचलं, फार चढ्या आवाजात झालंय. एक कबूल करतो. त्या पाच वर्षांत दादांनी पॅनलविरुद्ध हात वर केला तो एकदाच. बाकी सगळे ठराव 'सर्वानुमते मंजूर', त्यात दादाही आलेच, आणि त्यातले दोन-तीन काही बरे नव्हते. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "रोज भांडून गावात राहता येत नाही रे." पुढच्या वेळी पॅनलने घेतलं नाही, एकटे उभे राहिले, पडले. साहेबांचंही तसंच असेल. वरून फोन येत असेल, गप्प राहा. तिकिटाची धाकधूक असेल. माणूस आहे. पक्षाच्या रेषेत राहिले तरी माझी तक्रार नाही. फक्त बाहेर एक आणि आत दुसरं करताना निदान त्या बत्तीस पानांत अर्धं पान त्यासाठी ठेवा. दादांची गप्प बसलेली पानंही प्रोसिडिंग बुकात आहेतच की.

अहवालाच्या शेवटच्या पानावर 'आपल्या सूचना कळवा' म्हणून नंबर दिलाय. दहा वाजता मेसेज टाकला, "जनसुरक्षा विधेयकावर साहेबांनी सभागृहात विरोध नोंदवला का? कृपया कळवावे." दोन निळ्या रेघा लगेच आल्या. पीएचं उत्तर बारा वाजता, "नमस्कार काका, आपल्या वॉर्डातलं काम आहे का?"

मी लिहिलं, नाही.

त्यानंतर काही आलं नाही. आत्ता, साडेचारला, साहेबांच्या वाढदिवसाचा बॅनर आलाय. दोन्ही हात जोडलेले आहेत.