शेक्सपिअरनं मुलाला असा उपदेश केलाच नव्हता

माझी भाची अकरावीत आहे. वक्तृत्व स्पर्धेसाठी तिनं जे भाषण पाठ केलं, त्यातला निम्मा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका मेसेजमधला निघाला. ‘शेक्सपिअरने आपल्या मुलाला केलेला उपदेश: उसने घेऊ नकोस, देऊ नकोस, स्वतःशी प्रामाणिक राहा.’ खाली नाट्यकाव्याची व्याख्याही दिली आहे: यमक जुळवून संवादात तोडलेली कविता, पात्र बोलतं ते कवीचंच मत, म्हणून उतारा वाचला तरी पुरतं.

आधी मुलाचं बघू. शेक्सपिअरचा एकुलता एक मुलगा हॅम्नेट १५९६ मध्ये अकराव्या वर्षीच गेला. हा उपदेश ज्यातला आहे ते ‘हॅम्लेट’ नाटक त्यानंतर काही वर्षांनी लिहिलं गेलं. तो बिचारा गेलेला पोरगा उपदेश ऐकणार कुठून?

‘पात्राचं मत तेच कवीचं मत’ हे तर मला सर्वांत घातक वाटतं. त्या ओळी पोलोनियसच्या आहेत. डेन्मार्कच्या राजाचा हा मंत्री, मुलगा फ्रान्सला निघालाय. ‘अजून इथंच? शिडात वारा भरलाय, जहाज खोळंबलंय’ म्हणून बाप त्याला झापतो, आणि मग स्वतःच वीसेक ओळींचं प्रवचन देऊन त्याला थांबवून ठेवतो. पुढच्या अंकाच्या सुरुवातीलाच हा बाप पॅरिसला माणूस धाडतो, मुलावर पाळत ठेवायला. वर त्याला शिकवतो, की ओळखीपाळखीत खुशाल सांग, पोरगा जुगारी आहे, भांडखोर आहे. लोक आपोआप खरं बोलतील. हे सांगता सांगता ‘मी काय म्हणत होतो?’ असं विचारतो. भावगीतात कवी मध्येच विसरला तर तो दोष ठरेल. इथं विसरणं लिहिलेलं आहे, कारण ओळ त्या माणसाची आहे. कोण बोलतंय, कुणाला, त्याआधी काय झालं आणि नंतर तो काय करतो, हे सगळं मिळून त्या ओळीचा अर्थ होतो. प्रामाणिकपणाचा धडा देणारा हा गृहस्थ शेवटी राणीच्या महालात पडद्याआड चोरून ऐकताना मारला जातो. अकरावीच्या मुलीला हे सोडून नुसतं सुभाषित शिकवायचं?

यमकाचं एका वाक्यात संपतं: ‘हॅम्लेट’मधलं बरंचसं पद्य निर्यमक आहे.

उतारा एकटा उभा राहू शकतो, एवढं मान्य करावं लागेल. आपली नाट्यपदं नाटकाविना मैफलीत रंगतात, त्यात गैर काही नाही. पण अर्थ सांगायला बसलात तर नाटक उघडावंच लागतं. देवलांच्या ‘शारदा’तलं (१८९९) ‘म्हातारा इतुका न अवघे पाउणशे वयमान’ घ्या. अल्पवयीन मुलीला थेरड्याच्या गळ्यात बांधण्यावर कोरडे ओढणारी ती थट्टा आहे. मेसेजचा नियम लावला, तर पंचाहत्तरीचा नवरा मुलीला चालतो, हे देवलांचं मत ठरेल.