एक फूट नांगरट : जुनापाणीच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

काका (वय ७३ असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणतो), तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : नागपूरजवळच्या जुनापाणीचे ते दगडांचे गोल, म्हणजे जुनी दफनं, बघायला सोलापुराहून जाणं म्हणजे पेट्रोल जाळणं. तिथे शेतकऱ्याला नांगर घालू देत नाहीत, तेव्हा आत जे काही असेल ते एकदाचं उकरून म्युझियममध्ये ठेवावं आणि जमीन त्याला मोकळी करून द्यावी. शिवाय मी त्यांना ‘अश्मयुगीन’ म्हटलं ते चूक.

शेवटचं आधी घेतो. चूक माझीच. सगळीकडे दगडच दिसले आणि तोच शब्द उमटला. विदर्भातल्या या दफनांत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्याच्या तोंडातल्या कड्या निघतात. काळ इसवी सनापूर्वीचं पहिलं सहस्रक, म्हणजे लोहयुग. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ‘एकदाचं उकरून’ हे काही पटलं नाही. उकरून झालंय की ओ! जुनापाणीला अशी तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत. त्यातली काही रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने उघडली आणि १८७९ मध्ये त्यावर लिहिलं. दगडांवर कोरलेले वाटीसारखे खळगेही त्याने टिपले. माणूस चौकस होता, पण कोणती वस्तू कुठल्या थरात होती, कुणाच्या हाडांशेजारी होती, हे आजच्यासारखं मांडून ठेवायची तेव्हा रीतच नव्हती. पुढे १९७० च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी जवळच्याच माहूरझरीला खोदकाम केलं, तेव्हा घोड्याची हाडं आणि त्याच्या तोंडावर चढवायचा तांब्याचा साज सापडला. आता हाच पत्रा नुसता काढून कपाटात ठेवला असता, तर तो घोड्याचा की घागरीचा, हे कुणी सांगितलं असतं?

आपल्या भीमेच्याच खोऱ्यातलं उदाहरण घ्या. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून कितीतरी वर्षं खोदकाम केलं. तिथे घराच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत तान्ह्या मुलाची हाडं. मोठ्या माणसांना पुरताना पावलं घोट्यापासून तोडलेली. लेकरू घरातच राहावं, मेलेल्याने उठून चालू लागू नये, असे तर्क लोक करतात. तर्क खरे-खोटे असोत, पण रांजण वेगळे, हाडं वेगळी आणि घर वेगळं झालं असतं तर तेवढाही तर्क करायला जागा उरली नसती. खोदणं एकदाच होतं. म्हणून न उघडलेलं वर्तुळ उघडलेल्यापेक्षा मला मोलाचं वाटतं.

राहता राहिला शेतकरी. ‘नांगर घालू देत नाहीत’ हे सरसकट खरं नाही. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात संरक्षित क्षेत्रात पिकं घ्यायला मुभा आहे, अट एवढीच की एक फुटाच्या खाली उकरायचं नाही. मात्र ही अट बैलांच्या नांगराच्या काळातली. आज सांगोल्यात डाळिंबाचा खड्डा एक फुटात होतो का, असं तुम्ही विचाराल आणि ते बरोबरच आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. त्याचा जाच आपल्या सोलापूरच्या भुईकोटाशेजारी राहणाऱ्यांना विचारा. पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीवर दंड आणि कैद तेवढी लिहायची आणि एक फुटाची मुभा कुणी समजावून सांगायची नाही, याचा रागही रास्त. याबाबतीत मी तुमच्या बाजूचा.

पण उकरून उधळण्यात आपणही कुठे मागे होतो? आमच्या गावच्या पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड माझ्या आजोबांच्या पिढीने गाड्या भरभरून नेलं. निम्मी माती खत म्हणून रानात, निम्मी माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर. एका गाडीत लाल दगडाचा, आरपार भोक पाडलेला मणी निघाला. आजीने तो धुऊन माझ्या वडिलांच्या करदोट्यात ओवला. तो अजून घरात आहे. कुणाच्या गळ्यातला, कशाशेजारी पडलेला, विचारायचं कुणाला? माती माळवदावर गेली, आणि माळवद ९३ च्या भूकंपानंतर आम्हीच उतरवलं.