‘नुसता ब्रोदोच तर आहे!’

माझी आई माळकरी आहे. पस्तीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ आहे आणि एवढ्या वर्षांत तिने अंड्याचा केकसुद्धा तोंडात घातलेला नाही. ती आणि बाबा पहिल्यांदाच मिलानला आमच्याकडे आलेत, म्हणून गेल्या शनिवारी हौसेने त्यांना एका जुन्या त्रात्तोरियात, म्हणजे इथल्या साध्या घरगुती खानावळीत, जेवायला नेलं. आठवडा झाला, माझं डोकं अजून शांत होत नाहीये.

मी वेटरला तीनदा सांगितलं. त्याच्याच भाषेत, इटालियनमध्ये. मांस नको, मासे नकोत, मांसाचं पाणीही नको. त्याला इथे ब्रोदो म्हणतात, तो शब्द मुद्दाम दोनदा उच्चारला. वरून चीजही घालू नका म्हटलं, कारण पार्मिजानो काय आणि ग्राना पादानो काय, दोन्हीत दुधाचं चीज बनवायला वासराच्या जठरातलं विरजणासारखं रेनेट वापरतात. ‘सी, सी, सिन्योरा!’ मग मेनूवर बोट ठेवून त्यानेच सुचवलं, रिझोत्तो आल्ला मिलानेझे घ्या. केशर, लोणी आणि तांदूळ, बस्स. आई खूश. रंग अगदी आपल्या केशरीभातासारखा आहे म्हणाली.

निम्मा भात संपल्यावर बाबांनी सहज विचारलं, “याला एवढा मऊपणा कशाने येतो गं?” मी वेटरला विचारलं. तर तो छाती फुगवून सांगतो, बैलाच्या हाडातली मज्जा! ती कांद्याबरोबर लोण्यात परततात आणि मग गोमांसाच्या ब्रोदोत भात शिजवतात. हीच अस्सल मिलानची पद्धत!

मला आईकडे बघवेना. काही सांगावं लागलं नाही, तिला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. चमचा ठेवला, उठली, बेसिनपाशी जाऊन कितीतरी वेळ चुळा भरत राहिली. परत आली ती माळ मुठीत धरून. एक शब्द बोलली नाही. माझ्यावर ओरडली असती तर परवडलं असतं.

आणि हा माणूस मलाच समजावतोय! ‘सिन्योरा, यात मांसाचा तुकडा तरी आहे का? नुसता ब्रोदोच तर आहे!’ अरे, मग मी तीनदा काय सांगत होते?

माझं भांडण त्या पदार्थाशी नाही. घाला मज्जा, पिढ्यान्‌पिढ्या घालत आला आहात. पण विचारल्यावर खरं बोला ना! आम्ही सॅलड आणि ब्रेड खाऊन उठलो असतो, आनंदाने.

त्याच मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात अॅलर्जीचे १४ नंबर छापले होते. ग्लुटेन, दूध, सेलरी, मोहरी, तीळ, सगळं. युरोपियन युनियनचा ११६९/२०११ हा नियम डिसेंबर २०१४ पासून लागू आहे, त्यामुळे ही माहिती द्यावीच लागते. तीळ आहेत की नाहीत हे सांगायचं बंधन आहे, भातात बैल आहे हे सांगायचं नाही! आपल्याकडे पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावरही हिरवा ठिपका असतो.

दुसऱ्या दिवशी आईने कडकडीत उपास केला. पाणी तेवढं घेतलं. बाबा सारखे म्हणत होते, “जाऊ दे गं, तुला कुठे माहीत होतं.” म्हणजे माझीच समजूत घालत होते.

बिलात त्या रिझोत्तोचे पूर्ण १६ युरो लावले होते. वर नुसतं टेबलाशी बसण्याचा कोपेर्तो, माणशी ३ युरो, आईचाही. काही कमी करा म्हटलं तर ‘अर्धा खाल्लाय की’ म्हणाला. आईबाबा दारात ताटकळत उभे होते, त्यांच्यासमोर आणखी तमाशा नको म्हणून मी पैसे भरले. भरायलाच नको होते.