‘दीड हजारात घर सजत नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

परभणीहून तुम्ही लिहिलंय, की दीड हजार रुपयांत बैठकीची खोली सजवण्याबद्दलचा लेख वाचून चिकटवायचे हुक आणले, आठ दिवसांत फ्रेम रंगासकट खाली आली. मातीच्या कुंड्या पांढऱ्या पडल्या. आणि ‘दीड हजारात बैठकीची खोली’ हे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटपुरतंच खरं. पहिल्या दोन गोष्टींत दोष लेखाचाच आहे. भिंत कसली आणि पाणी कुठलं, हे त्यात यायलाच हवं होतं. तिसरी गोष्ट मात्र मला मान्य नाही.

आधी हुक. चुना किंवा साधा डिस्टेंपर दिलेल्या भिंतीवर हुक रंगाला चिकटतो आणि रंग भिंतीला सोडतो. साधी चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. तिला पांढरी भुकटी लागली, तर तिथं महागातला हुकही टिकणार नाही.

अशा भिंतीवर घरमालकाला विचारून एकच लाकडी पट्टी बसवा: ४ फूट लांब, दीड इंच रुंद, पाऊण इंच जाड. दोन्ही टोकांपासून ८ इंच आत एकेक स्क्रू. भिंतीला भोकं दोनच. फ्रेम, आरसा, टोपली सगळं पट्टीच्या खिळ्यांवरून नायलॉनच्या दोरीनं सोडायचं. ड्रिलला ६ एमएमचं बिट, तेवढ्याच मापाची प्लास्टिकची गिट्टी (भोकात ठोकायची, स्क्रू धरून ठेवणारी नळी), भोक ४० एमएम खोल. आधी प्लास्टरची राखाडी भुकटी येते, मग लाल. लाल आली की बिट विटेत शिरलं. राखाडीच येत राहिली आणि बिट भसकन आत गेलं, तर ते विटांच्या सांध्यात आहे. २ इंच वर किंवा खाली सरका. गिट्टी ठोकण्याआधी भोकातली भुकटी काढाच, नाहीतर गिट्टी पूर्ण आत जात नाही आणि स्क्रूबरोबर फिरत राहते. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल कधीच लावू नका, आतून वायरचा पाइप गेलेला असतो.

माळवदाचं, म्हणजे मातीच्या भिंतींचं आणि मातीच्या सपाट छताचं घर असेल तर ड्रिल नकोच, मातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही. तिथं देवळी, म्हणजे भिंतीतला कोनाडा आहे ना! आतून पांढरा हात द्या, मागं आरसा टेकवा, पुढं घासलेला पितळेचा तांब्या ठेवा. इतकी सुंदर जागा नव्या फ्लॅटला पैसे देऊनही मिळत नाही.

आता पैसे. मोठा वाटा पडद्याला द्या, कारण खोलीत सगळ्यात मोठा दिसतो तो पडदा. लोक कापडातच काटकसर करतात, मग चुण्या पडत नाहीत आणि पडदा वाळत घातलेल्या चादरीसारखा दिसतो. खिडकी ४ बाय ४ फूट असेल तर दांडी ५ फूट घ्या आणि कापडाची रुंदी त्याच्या दुप्पट, म्हणजे १० फूट. ४४ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) मांजरपाटाचे, म्हणजे साध्या जाड सुती कापडाचे, ७० इंची तीन तुकडे लागतील, म्हणजे साडेपाच मीटर. तिसरा तुकडा उभा फाडून दोन्हीकडे अर्धा-अर्धा जोडा. कापण्याआधी कापड रात्रभर भिजवून वाळवा; मांजरपाट आटतो, म्हणून अर्धा मीटर जास्तच आणा. मीटरला ८० रुपये धरले तर ६ मीटरचे ४८०. शिलाई, दांडी आणि आधी सांगितलेली लाकडी पट्टी मिळून सहा-सातशे धरा. राहिलेल्या तीन-चारशेत आरसा किंवा यंत्रमागावरच्या हिमरू या नक्षीदार कापडाचा उशीच्या अभ्र्यापुरता तुकडा बसतो. हिमरूच्या मागच्या बाजूला धागे मोकळे असतात, ते बोटात-बांगडीत अडकून निघतात. म्हणून आतून अस्तर लावूनच शिवा.

कुंड्यांवरचा पांढरा थर म्हणजे बोअरच्या पाण्यातले क्षार. पाणी मातीच्या अंगातून झिरपून उडून जातं, क्षार बाहेर राहतात. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन अर्धा तास लावून ठेवा, काथ्यानं घासा. झाकायला रंग देऊ नका, आतली ओल त्याचे पापुद्रे काढते. रोप प्लास्टिकच्या कुंडीत लावून ती मातीच्या कुंडीत ठेवा, खाली दोन खडे घाला. बाहेरची कुंडी कोरडी राहील.