एक मेगाबाइट आणि विसरभोळा रॅड

आम्ही जुनी यंत्रं पाळणारी माणसं तशी निरुपद्रवी. हातात सोल्डरिंगची इस्त्री, डोळ्यावर भिंग आणि तोंडी 'अजून ५१२ केबी मिळाले तर...' एवढंच पालुपद. अमिगा ५०० हा कमोडोर कंपनीचा घरगुती संगणक १९८७ साली आला तो मुळात ५१२ किलोबाइट मेमरी घेऊन. आजकाल लग्नपत्रिकेचा फोटोही तेवढ्यात मावत नाही. पण यंत्राच्या पोटाखाली एक झाकण आहे आणि त्याच्या आत एक रिकामा कप्पा. रिकामा कप्पा दिसला की माणूस स्वस्थ बसत नाही.

त्या कप्प्यात बसायचं ते कमोडोरचं ए५०१ कार्ड: आणखी ५१२ केबी, वर घड्याळ, आणि घड्याळाला जागं ठेवायला निकेल-कॅडमियमची पिंपासारखी बॅटरी. ही बॅटरी म्हणजे अस्तनीतला निखारा. वर्षानुवर्षं पडून राहिली की ती पाझरते, आणि तिच्यातला अल्कली तांब्याच्या रेघा शांतपणे खात बसतो. म्हणून जुनं कार्ड हाती आलं की ते लावून बघायच्या आधी बॅटरी कापून काढा. मेमरीचं काही बिघडत नाही, फक्त यंत्राला आजची तारीख कळत नाही; तशी ती आपल्यालाही रविवारी कळत नसते. हिरवी बुरशी दिसली तर व्हिनेगर आणि जुना टूथब्रश, मग आयसोप्रोपिल, मग पूर्ण वाळवणं. कनेक्टरच्या पिनांमध्येही डोकवा, रस तिथवर पोचतो. आणि कार्ड लावताना-काढताना वीज बंद. 'एकदाच पटकन' म्हणणाऱ्यांच्याच चिपा जळतात.

चालू केल्यावर पडदा हिरवा होऊन थिजला तर चिप रॅम (चित्र-आवाजाच्या चिपांनाही वापरता येणारी मेमरी) नापास, लाल झाला तर रॉमची, म्हणजे यंत्रात कायम कोरलेल्या प्रणालीची, बेरीज जुळत नाही. कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकायला लागला तर मात्र मेमरीला शिव्या घालू नका, ती कीबोर्डची स्वतःची तक्रार आहे. सगळं सुरळीत होऊन मध्येच लाल चौकटीत 'गुरू मेडिटेशन', म्हणजे यंत्र कोलमडल्याचा संदेश, उगवला तर आकडा उतरवून घ्या. ८१०००००५ म्हणजे मोकळ्या मेमरीची यादीच विस्कटली आहे. असा आकडा कार्ड लावल्यावरच येत असेल, कार्ड काढलं की जात असेल, तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या कुळाचा उद्धार थांबवा आणि मल्टिमीटर काढा. कार्ड लावलेलं असताना पाच व्होल्टची रेघ ४.७५च्या खाली गेली असेल तर दोष मेमरीचा नाही, थकलेल्या पॉवर सप्लायचा आहे.

आता खरी गंमत. ही नवी मेमरी सी००००० या पत्त्यावर बसते. 'अ‍ॅव्हेल' ही मोकळी मेमरी सांगणारी आज्ञा तिला ऐटीत 'फास्ट' म्हणते, पण ती फास्ट नाही. चित्र आणि आवाज सांभाळणाऱ्या चिपांना ती दिसत नाही, आणि तरी प्रोसेसरला तिच्यापर्यंत जायला त्याच चिपांच्या मागे रांगेत उभं राहावं लागतं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं. म्हणून जाणते लोक तिला 'स्लो रॅम' म्हणतात आणि तिची चिप रॅम करायच्या मागे लागतात. यंत्रात ८३७२ए हा चिप रॅमचा कारभार पाहणारा अ‍ॅग्नस असेल तर ते जमतं: रिव्हिजन ६एच्या बोर्डावर जेपी२ या जंपरची जोडणी बदलायची आणि गॅरी चिपला 'कप्पा भरलाय' असं कळवणारी रेघ तोडायची. अर्धंच काम केलं तर मेमरी धड इथेही नाही आणि तिथेही नाही. तोडण्याआधी चिपेवरचा आकडा वाचा. बोर्डावर तो अ‍ॅग्नस असेलच, असं गृहीत धरणं हा या छंदातला सर्वात महागडा आशावाद आहे.

एवढं निस्तरून पूर्ण मेगाबाइटची चिप रॅम मिळाली, की रॅड रुसतो.

रॅड: म्हणजे वर्कबेंच १.३ या अमिगाच्या प्रणालीसोबत आलेली, रीसेटनंतरही टिकणारी रॅम डिस्क, मेमरीतच थाटलेली डिस्क. साधी रॅम: लागेल तशी फुगते आणि रीसेट केला की नाहीशी होते. रॅड:चा आकार मात्र माउंटलिस्ट या डिस्कांच्या नोंदींच्या फायलीत आधी ठरवायचा. दोन बाजू, अकरा ब्लॉक, ५१२ बाइट. म्हणजे एका सिलिंडरला ११ केबी. 'हायसिल'पुढे (म्हणजे शेवटचा सिलिंडर) २१ लिहिलं तर मोजणी शून्यापासून असल्यामुळे सिलिंडर २२, एकूण २४२ केबी. फ्लॉपीची हुबेहूब नक्कल हवी म्हणून ७९ लिहिणारे हौशी असतात. ते ८८० केबी होतात, आणि मेगाबाइटच्या यंत्रात उरलेल्या १४४मध्ये वर्कबेंचने श्वास घ्यायचा!

रीसेटमध्ये रॅड जगतो कसा? एक्झेक, म्हणजे अमिगाच्या प्रणालीचा गाभा, आपल्या मुख्य नोंदीत 'या जागा माझ्या' अशी यादी आणि तिची चेकसम, म्हणजे पडताळणीची बेरीज, ठेवतो. उठल्यावर बेरीज जुळली आणि त्या जागा पुन्हा मिळाल्या तरच रॅड परत येतो. एखादा प्रोग्रॅम भलतीकडे लिहून गेला, बेरीज चुकली, की सगळंच गेलं. थोडंफार वाचवणं हा प्रकार नाही. अ‍ॅडमेमसारख्या आज्ञेने मागाहून जोडलेली मेमरी तर त्या क्षणी हजरच नसते, तिच्यावर रॅडचा भरवसा ठेवू नये. आणि किकस्टार्ट १.३मध्ये (रॉममधल्या प्रणालीत) मेगाबाइटची चिप रॅम असली की रॅड टिकावा म्हणून स्टार्टअप-सीक्वेन्समधल्या, म्हणजे सुरुवातीला चालणाऱ्या आज्ञांच्या यादीतल्या, 'सेटपॅच'पुढे एक 'आर' लिहावा लागतो. एकच अक्षर! बोर्डावरची रेघ तोडताना हात थरथरतो, सोल्डर नीट बसतं, आणि मग माणूस संध्याकाळभर जोडणीवर संशय घेत बसतो. मला विचाराल तर कुठलाही जंपर पुन्हा उकरण्याआधी आधी ते 'आर' बघावं.

नको झालेला रॅड काढणं हे पागडीच्या भाडेकरूला काढण्यासारखं आहे. फायली पुसल्या तरी खोली त्याच्याच नावावर. 'रेमरॅड' या आज्ञेची नोटीस दिली की तो सामान टाकतो, पण जागा सोडतो पुढच्या रीबूटला. आणि कोणी त्याच्यावरची फाइल उघडून बसलं असेल तर 'डिव्हाइस वापरात आहे' म्हणून नोटीसच परत.

रीसेटमधून तगण्याची ही कला फक्त रॅडलाच येते असंही नाही. बूटब्लॉकमधले, म्हणजे फ्लॉपीच्या अगदी सुरुवातीच्या भागात लपणारे, व्हायरस, त्यातला १९८७चा एससीए प्रसिद्ध, रीसेटनंतर जगण्यासाठी त्याच मुख्य नोंदीतला एक पॉइंटर पकडून बसतात. तेव्हा अनोळखी फ्लॉपीनंतर कंट्रोल आणि दोन्ही अमिगा बटणं दाबून 'साफ झालं' समजू नका. वीज बंद, अर्धा मिनिट थांबा, मग चालू. अर्थात त्यात रॅडही जाईल, तेव्हा आधी त्यातलं काम फ्लॉपीवर उतरवा. आणि ती फ्लॉपी राइट-प्रोटेक्ट केल्याशिवाय ड्राइव्हमध्ये सोडू नका.